जीवनसत्त्वाच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय घ्याव्यात का?

रामबागची लेक, इंदूर
माझ्या आत्याला ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी लिहून दिली होती. तिने ती रोज दुधात घालून दीड महिना घेतली. दुकानदाराने चिठ्ठी न बघता पेटीच दिली होती. आधी भूक मेली, मग उलट्या, मग बोलण्यात गोंधळ. रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं होतं, मूत्रपिंडावर ताण आला होता. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे पुड्या थांबवूनही ते उतरायला कित्येक आठवडे गेले. प्रौढांनी आपल्या मनाने घ्यायची कमाल मर्यादा रोजची ४,००० युनिट. हे औषधच आहे, चिठ्ठीशिवाय देऊच नये.

सुदामानगरची सून
आत्याबाईंचं वाचून वाईट वाटलं, पण बंदी मला पटत नाही. आमचं घर शाकाहारी. ब-१२ वनस्पतींत नसतं, आणि दूध-दह्यातलं सगळ्यांना पुरतंच असं नाही. शिवाय सासरे मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतात, त्यानेही ब-१२ कमी होतं. ‘गोळ्या वाईट’ असं कुठेतरी ऐकून त्यांनी ब-१२ची गोळी बंद केली आणि पायांच्या मुंग्या इतक्या वाढल्या की जिना उतरताना तोल जाऊ लागला. ही भीतीही माणसाला आजारी पाडते.

जिमवाला भाऊ
मीही रामबागच्या ताईंच्या विरोधात. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी परवाना क्रमांक बघूनच घेतो. प्रत्येक डब्यासाठी दवाखान्यात रांग कोण लावणार?

रामबागची लेक, इंदूर
भाऊ, तो परवाना खाद्यपदार्थाचा. तुमच्या शरीराला त्याची गरज आहे की नाही, हे तो सांगत नाही. त्याच डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही छापलेलं असतं, तेवढं वाचा.

थायरॉइडवाली काकू
मी सकाळी थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटात घ्यायची. टीएसएच (रक्ततपासणीतला थायरॉइडचा आकडा) काही केल्या खाली येईना, डोस वाढवायचं घाटत होतं. शेवटी डॉक्टरांनी सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या, तेव्हा उलगडा झाला. कॅल्शियम ती गोळी अंगी लागू देत नाही, लोहाचंही तसंच. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवलं आणि डोस तोच राहिला. मला तर चिठ्ठी होती, दोन्ही गोळ्यांची! दोन वेगळ्या डॉक्टरांची.

सुदामानगरची सून
काकू, हेच म्हणते मी, नुसत्या चिठ्ठीने भागत नाही. सासऱ्यांना ड-ची पुडीही आहे. ती मी कॅलेंडरवर त्या-त्या रविवारच्या चौकटीला टाचून ठेवते. बाकीची पेटी माझ्या कपाटात.