फुटपाथवर झोपणाऱ्याला पकडायचं की खोली द्यायची?

गिरणगावकर: मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा 1959 चा. त्यातली व्याख्या वाचा, हात पसरलाच पाहिजे असं नाही. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि अवतारावरून हा भिकेवरच जगत असावा असं वाटलं, एवढं पुरतं. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृह. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपणही ही पकडापकडी थांबवून तो पैसा भाड्याच्या खोल्यांकडे वळवावा.

पायी चालणारा: आणि म्हाताऱ्यांनी, शाळेच्या पोरांनी बसच्या पुढ्यातून चालायचं? फुटपाथवर राहणाऱ्यांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1985 च्या ओल्गा टेलिस निकालानेही फुटपाथवर झोपडी बांधायचा हक्क दिलेला नाही.

काळा कोट: अर्धाच निकाल सांगताय. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हेही त्यातच आहे. शिवाय 1959 च्या कायद्यात, पकडलेल्या माणसावर पूर्ण अवलंबून असणाऱ्यांनाही डांबायची तरतूद आहे. त्याने फुटपाथ कसा मोकळा होतो?

पायी चालणारा: बरं, तो कायदा नको. पण रात्रनिवारे आहेत ना? तिथे का जात नाहीत?

रजिस्टरवाला: त्रैराशिक मांडा. केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निवाऱ्यांसाठीचा निकष होता लाख वस्तीमागे 100 माणसांची सोय, माणशी 50 चौरस फूट. मुंबईची 2011 ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत-बाहेर, म्हणजे निकष शंभर टक्के पाळला तरी साडेबारा हजार खाटा. त्याच जनगणनेत बेघर मोजले गेले सुमारे 57 हजार! आणि खाट मिळाली तरी पुरुषांच्या निवाऱ्यात बायको-पोरांना घेत नाहीत. हातगाडी, भंगाराचं पोतं ठेवायचं कुठे? मजूर नाक्यावर सकाळी वेळेत पोचला नाही तर दिवसाची रोजी बुडाली, मग निवारा दोन बस लांब असून उपयोग काय?

गिरणगावकर: म्हणूनच खोली. फिनलंडने 2008 पासून बेघरांच्या वसतिगृहांतल्या खाटा काढून घरं केली. करार राहणाऱ्याच्या नावावर, आधी दारू सोड वगैरे अट नाही, भाडं मात्र भरायचं.

पायी चालणारा: अख्ख्या फिनलंडची वस्ती मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही हो. इथे रिकामी घरं दूर टोकाला. नाक्यावरच्या माणसाला तिकडे टाकलंत तर महिन्याभरात खोलीला कुलूप आणि तो परत पुलाखाली.

रजिस्टरवाला: हे मान्य. जागा कामाजवळच हवी, नाहीतर पैसा पाण्यात. पण खरं घोडं अडतं डिपॉझिटपाशी. रोजंदारीवाला महिन्याचं भाडं एकवेळ आठवड्याला थोडं थोडं देईल, एकरकमी डिपॉझिट कुठून आणणार? ते पालिकेने संस्थेमार्फत घरमालकाकडे ठेवावं, खोली सोडली की परत घ्यावं. 11 महिन्यांचा करार मात्र त्या माणसाच्याच नावाने. संस्थेच्या नावाने केलात तर पत्त्याचा पुरावा मिळत नाही, रेशनकार्डापासून सगळं तिथेच अडकतं.

पायी चालणारा: आणि भाडं थकलं तर? घरमालक त्या डिपॉझिटला हात लावणारच. मग ते पुन्हा भरायचं कुणी, तेवढं सांगा.