मदत हवी आहे : कणकुंबी भागात उपग्रह इंटरनेटचा डिश कुठे बसवावा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला. फायबर गावापर्यंत आलेलं नाही, मोबाइलला रेंज टेकडीवर गेल्यावरच. वाचनालयात अभ्यासाला बसणाऱ्या पोरांसाठी स्टारलिंकसारखं कनेक्शन घ्यायचा विचार आहे. कंपनीला भारतात परवाना २०२५ मध्ये मिळाला, म्हणून आधीच तयारी करून ठेवतोय.

मुख्य अडचण झाडांची. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात. टीव्हीचे ३६ हजार किलोमीटरवर, एकाच जागी दिसणारे. जवळ असल्यामुळे व्हिडिओ कॉलला उशीर कमी लागतो, हे चांगलंच. पण ते सारखे सरकत असल्यानं डिशला आभाळ मोकळं लागतं, आणि आमच्याकडे चारी बाजूंनी फणस नि आंबे. जुनी झाडं तोडायची अजिबात इच्छा नाही.

मग कौलारू छपरावर लोखंडी पाइप उभा करावा का? कौलं न फुटता, गळती न होता तो कसा पक्का करायचा? आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. मुसळधार सरीत सिग्नल किती वेळ जातो? वीज गेल्यावर घरचा साधा इन्व्हर्टर पुरेल का? जांबोटी, चंदगड, आंबोलीकडे कुणी असा डिश वापरला असेल तर कृपया सविस्तर सांगा.