गाळवाघाला डोळे नकोत, वीज द्या

वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीच्या तळाशी राहणारा, बशीएवढ्या डोळ्यांचा 'गाळवाघ' हा काल्पनिक शिकारी जीव तुम्ही सुचवलात, ती कल्पना मला फार आवडली. पण ते डोळे काढाच. मी वडोदऱ्यातच राहतो. पावसाळ्यात काळा घोडा पुलावरून खाली पाहिलं की वीतभर खोलचंही दिसत नाही. तिथे नजरेच्या भरवशावर शिकार कशी होणार?

त्यापेक्षा वंश मागुराचा, म्हणजे एका मिशाळ माशाचा (कॅटफिशचा) घ्या. मिशाळ माशांच्या कातडीत भक्ष्याच्या शरीरातली सूक्ष्म वीज ओळखणारी इंद्रियं मुळातच असतात. पुढचा टप्पा म्हणजे काही स्नायूपेशींनी आकुंचन सोडून फक्त वीज सोडायला लागणं. हे अशक्य नाही. माशांमध्ये अशी वीजइंद्रियं अनेकदा स्वतंत्रपणे घडली आहेत. आफ्रिकेतला मिशाळ वीजमासा साधारण 350 व्होल्टचा झटका देतो, दक्षिण अमेरिकेतला 'इलेक्ट्रिक ईल' 860 पर्यंत. गोड्या पाण्यातून वीज सहज वाहत नाही, म्हणून व्होल्टेज एवढं लागतं. आधी मंद स्पंदनांनी आसपास चाचपणं, मग पिढ्यान् पिढ्या जोर वाढत झटका. मधली प्रत्येक पायरी त्या जिवाच्या कामाची हवी, नाहीतर ती टिकणारच नाही.

मागुरासारखी हवेत श्वास घ्यायची सोयही ठेवा, उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटतो. मात्र दर वेळी वर येणं म्हणजे विश्वामित्रीतल्या मगरीशी गाठ. तिच्या जबड्यावरच्या बारीक उंचवट्यांना पाण्यातली हलकी थरथरही कळते. त्यामुळे तुमचा गाळवाघ काठाच्या गवतातच, क्षणभर वर येऊन घोट घेईल.