मदत हवी आहे: प्रेशर दिल्यावर टीसी (ज्या तापमानाखाली मटेरियल सुपरकंडक्टर होतं, म्हणजे वीज विनारोध वाहते, ते तापमान) कुठे वाढतो, कुठे घटतो, असं का?

राम राम मंडळी, जळगावहून लिहितोय, एमएस्सी फिजिक्सचं दुसरं वर्ष, सोमवारी सेमिनार आहे आणि विषय मीच हट्टाने घेतलाय, थर असलेल्या मटेरियलमधली सुपरकंडक्टिव्हिटी आणि प्रेशर.

वडील जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला, त्यामुळे ढीगभर रुईची प्रेसखाली घट्ट गाठ होताना लहानपणापासून पाहिलंय. थरांच्या क्रिस्टलमध्येही थरा-थरांतली पकड ढिली असते, म्हणून दाबलं की आधी थर जवळ येतात, थरातले बाँड त्यामानाने कमी दबतात, इथपर्यंत कळलं. शिसं, कथील यांचंही कळलं, दाबलं की लॅटिस (अणूंची जाळी) कडक होतं, सुपरकंडक्टिव्हिटी देणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या बांधणारी ओढ कमी पडते, टीसी उतरतो.

पण आयर्न सेलेनाइड घ्या, साध्या दाबाला 8 केल्विन आणि 9 गिगापास्कलच्या आसपास जवळजवळ 37! (एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण 10 हजार पट.) मला वाटलं थर जवळ आले की टीसी वाढतो, स्लाइडसुद्धा बनवली, आणि काल रात्री मॅग्नेशियम डायबोराइड वाचलं, तेही थरांचंच, 39 केल्विनचं, पण दाबलं की घसरतं, गिगापास्कलमागे साधारण 1 केल्विन. मग थरांचा संबंध आहे की नाही? चुकीचं कारण सांगून मार्क नकोत मला, कोणी नीट समजावून सांगा ना भाऊ.

प्रतिसाद, धुळ्याहून:
थर जरा बाजूला ठेव, आधी बघ की सुपरकंडक्टिव्हिटीला त्या मटेरियलमध्ये कोणी वाटेकरी आहे का. टायटॅनियम डायसेलेनाइडमध्ये 200 केल्विनच्या आसपास चार्ज डेन्सिटी वेव्ह (इलेक्ट्रॉनची ठरावीक अंतराने दाट-विरळ अशी रचना) बसते, इलेक्ट्रॉन तिच्यातच अडकतात. साधारण 2 ते 4 गिगापास्कलमध्ये ती वेव्ह मोडते आणि टीसी 1.8 केल्विनपर्यंत जातो, जो आधी नव्हताच. आयर्न सेलेनाइडमध्ये दाब वाढवताना मध्येच मॅग्नेटिझम डोकं वर काढतं, ते हटलं की टीसी उसळतो. मॅग्नेशियम डायबोराइडला असा वाटेकरीच नाही, तिथे जोड्या बांधते ती बोरॉनच्या थरातली अणूंची थरथर, ती कडक झाली की टीसी उतरणारच, शिशासारखा.

धागाकर्ता:
भाऊ, लख्ख कळलं, स्लाइड आत्ताच बदलतो. म्हणजे नायोबियम डायसेलेनाइडमध्ये 33 केल्विनला वेव्ह बसते तरी 7.2 ला सुपरकंडक्टिव्हिटी येते, तिथे दोघं एकाच घरात राहतात असं म्हणायचं ना? आणि सेलेनियमची लोखंडाच्या थरापासूनची उंची दाबाने बदलते असं वाचलंय, ती घेऊ का सेमिनारला, की 20 मिनिटांत जास्त होईल?