गिझर सुरू केल्यावर दहा-बारा मिनिटांनी ईएलसीबी पडतो: कॉइल बदलावी की गिझरच?

वडगावचे घर (बेळगाव)

नमस्कार. आमच्या न्हाणीघरात 25 लिटरचा, 2000 वॅटचा साठवणीचा गिझर सहा वर्षांपासून आहे. घरात बोअरचे पाणी वापरले जाते आणि नळांच्या तोंडाशी पांढरी खपली नेहमीच धरते. गेल्या महिन्यापासून गिझर सुरू केला की पाणी कोमट होते न होते तोच, दहा-बारा मिनिटांत, मुख्य पेटीतील ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो आणि सगळे घर अंधारात जाते. त्याआधी काही दिवस टाकीतून तडतड आवाज येत असे. संध्याकाळी पाणी तापायला सकाळपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, तो या दोषाचाच भाग आहे का, हेही कळत नाही.

एका वायरमनने गिझरच बदलण्यास सांगितले. शेजाऱ्यांचा सल्ला असा की, प्लगमधील अर्थिंगची तार काढून ठेवावी, म्हणजे ईएलसीबी पडणार नाही. घरात लहान मुले आहेत, त्यामुळे मन धजावत नाही. काय करावे?

खानापूरचा वायरमन

अर्थिंगची तार कदापि काढू नका. ती असताना गळणारा वीजप्रवाह टाकीच्या पत्र्यातून जमिनीत जातो आणि ईएलसीबीला त्याचा सुगावा लागतो. ती काढल्यावर तोच पत्रा वीजभारित होऊन बसतो आणि मग ओल्या फरशीवर उभा राहून नळाला हात लावणारा माणूस हीच त्या प्रवाहाची वाट ठरू शकते. ईएलसीबी पडतो हा बिघाड नाही. बिघाड झाल्याची ती खबर आहे.

तुमच्या वर्णनावरून कॉइल फुटली असावी. कॉइलच्या नळीत तार आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. बाहेर चुन्याचा थर साचला की आतली उष्णता पाण्यात सहज उतरत नाही, नळी प्रमाणाबाहेर तापते आणि तिला केसाएवढी चीर पडते. नळी तापून प्रसरण पावते तसतशी चीर उघडते, म्हणूनच तुमच्याकडे पहिली काही मिनिटे काहीच होत नाही. तडतड आवाज त्या थराखाली अडकून उकळणाऱ्या पाण्याचा.

पडताळणी सोपी आहे, परंतु ती जाणत्या हातांनीच व्हावी. गिझरचा एमसीबी (पेटीतील स्विच) पाडून प्लग काढावा, झाकण उघडून कॉइलच्या दोन्ही तारा सोडवाव्यात आणि कॉइलचे टोक व टाकीचा पत्रा यांच्यातील इन्सुलेशन (विद्युतरोध) 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे ते मोजण्याच्या यंत्राने, मोजावे. साध्या मल्टिमीटरने कॉइलच्या दोन टोकांमध्ये सुमारे 26 ओहम दिसले म्हणजे आतली तार शाबूत आहे एवढेच कळते. पत्र्याकडे होणारी गळती त्याच्या थोड्याशा व्होल्टेजला दिसतेच असे नाही. शक्य झाल्यास टाकी गरम असतानाच मोजा, कारण गार झालेली चीर पुन्हा मिटते.

अनगोळहून

माझ्या मते आधी थर्मोस्टॅट (पाण्याचे तापमान राखणारा स्विच) बदलून पाहावा. तो स्वस्त असतो, आणि पाणी तापायला वेळ लागतो म्हणजे दोष त्याच्यातच असणार.

खानापूरचा वायरमन

आदरपूर्वक असहमत आहे. थर्मोस्टॅट बिघडला तर पाणी तापत नाही किंवा अति तापते. ईएलसीबी मात्र सहसा पडत नाही. तापायला लागणाऱ्या वेळेचे कारण निराळे आहे. 2000 वॅटच्या कॉइलला 230 व्होल्ट मिळाले तर 25 लिटर पाण्याचे तापमान 35 अंशांनी वाढायला साधारण अर्धा तास पुरतो. तेच व्होल्टेज 190 पर्यंत उतरले तर कॉइल जेमतेम 1365 वॅट देते आणि पाऊण तास लागतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी नेमका हाच अनुभव येत असेल, तर व्होल्टेज मोजा. चुन्याच्या थराने वेळ फारसा वाढत नाही, कॉइलचे आयुष्य मात्र कमी होते. हे दोन दोष एकमेकांत मिसळू नयेत.

आणखी एक खूण सांगतो. गिझरचे बटण बंद असतानाही प्लग लावताच ईएलसीबी पडला, तर न्यूट्रलकडून (परतीच्या तारेकडून) पत्र्याला गळती आहे असे समजा. साधे बटण फेज तोडते, न्यूट्रल तोडत नाही.

निपाणीकर

आमच्याकडे हेच झाले होते आणि कॉइल बदलून भागले. टाकी उघडाल तेव्हा आतील मॅग्नेशियमची कांडीही पाहा; ती झिजून तार उरली असेल तर नवी बसवा, कारण टाकीऐवजी ती गंजावी यासाठीच ती असते. उघडण्याआधी मात्र टाकी पूर्ण रिकामी करा, नाही तर न्हाणीघराचा ओढा होतो. टाकीच्या पत्र्यालाच गंज लागून पाणी पाझरत असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

वडगावचे घर (बेळगाव)

सर्वांचे आभार. दुसऱ्या वायरमनला बोलावून मेगर लावला. इन्सुलेशन गार असताना पुरेसे होते, पण टाकी तापवून लगेच मोजल्यावर ते जवळजवळ संपलेलेच दिसले. बाहेर काढलेल्या कॉइलवर बोटभर जाड खपली होती आणि ती झाडल्यावर नळीवर तांबूस चीर दिसली. कांडीही संपत आली होती. टाकी शाबूत निघाली, म्हणून कॉइल, कांडी आणि फ्लॅंजचे (कॉइल जिच्यावर बसते त्या चकतीचे) रबर नवे घातले. संध्याकाळचे व्होल्टेज 195 भरले, म्हणजे तो प्रश्न खरोखरच वेगळा निघाला. रबराजवळ एक-दोन थेंब ओल दिसते, तेवढे काय करावे?

खानापूरचा वायरमन

वीज तोडून, टाकी थंड झाल्यावर फ्लॅंजचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे घट्ट करा. एकाच बाजूने आवळल्यास रबर दबून दुसरीकडून गळेल. पहिल्यांदा तापून गार झाल्यावर रबर थोडे बसते, त्यामुळे ही ओल बहुधा तेवढ्याने थांबेल. थर्मोस्टॅट 55 अंशांच्या आसपास ठेवा. बोअरच्या पाण्यातील चुना 60 च्या पुढे फार वेगाने धरतो. ईएलसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का, तेही पाहत जा.