शिरूरच्या गोऱ्या कॅप्टनचं मृत्युपत्र कुठे शोधू? इंग्लंडच्या प्रोबेट इंडेक्सबद्दल सल्ला हवाय

भटकी_मेधा
नमस्कार मंडळी, शिरूरच्या जुन्या इंग्रज दफनभूमीतल्या एका थडग्यावर लेख लिहायला घेतलाय. दगडावर एवढंच वाचता येतं की कॅप्टन, बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री, १८१२ साली वारला, वय ३८ (नाव आत्ता टाकत नाही, आधी लेख छापून येऊ दे). गावातली म्हातारी माणसं सांगतात की त्याच्या घरात एक मराठी बाई होती, पोरंही होती. खरं की पारावरच्या गप्पा, ते विल मिळालं तर कळेल असं एका सरांनी सुचवलं. एका पैसेवाल्या साइटवर इंग्लंडचा प्रोबेट इंडेक्स (कोर्टाने मंजूर केलेल्या मृत्युपत्रांची यादी) म्हणून जे आहे त्यात नाव टाकलं तर काहीच येत नाही. म्हणजे विल केलंच नव्हतं असं धरायचं का? मेंबरशिप पुढे चालू ठेवू की नको तेही सांगा.

लीड्सकर_नाना
मेधाताई, तुम्ही बघितलात तो बहुतेक नॅशनल प्रोबेट कॅलेंडर असणार, तो सुरूच होतो १२ जानेवारी १८५८ पासून, तुमचा कॅप्टन त्याच्या ४६ वर्षं आधी गेला, त्यामुळे तिथे नाव नसलं तर काहीच सिद्ध होत नाही. त्याच्या आधी मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टात जायची आणि अशी कोर्टं दोनशेच्या वर होती, बिशपचं वेगळं, आर्चडीकनचं वेगळं, एखाददुसऱ्या गावापुरतंही वेगळं. सगळ्यांचा मिळून एक इंडेक्स नाहीच. त्यामुळे आधी कोर्ट ठरवायचं, मग त्या कोर्टाचा इंडेक्स.

तुमचं काम त्यातल्या त्यात सोपं आहे. परदेशात मेला आणि इंग्लंडात काही मालमत्ता होती, की प्रकरण कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टात, म्हणजे तिथल्या आर्चबिशपच्या वरच्या चर्च कोर्टात. त्याच्या १३८४ ते १८५८ च्या नोंदवह्या लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, सिरीज प्रॉब ११. त्यांच्या डिस्कव्हरी कॅटलॉगमध्ये शोधा, फुकट खातं काढलं की स्कॅनही फुकट उतरवता येतो. शेक्सपिअरचं विलही याच कोर्टातलं, आणि जेन ऑस्टिनचंही.

खवचट_खान
फुकट असेल तर पुणेकर येणारच 😄

भटकी_मेधा
खानसाहेब, आलेच. नाना, शोधलं. त्याच नावाची दोन विलं दिसतायत, एक १८१३ चं आणि एक १८१४ चं, पण १८१२ चं एकही नाही. मग हा आपला नव्हेच का?

लीड्सकर_नाना
असू शकतो की. ती तारीख मरणाची नसते, लंडनच्या कोर्टात विल मंजूर झाल्याची असते. बातमी आणि कागद जहाजाने आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळसा घालून जाणार, त्यालाच पाच-सहा महिने, मग एक्झिक्युटर (विल अमलात आणणारा) कुठे खेड्यात असेल तो लंडनला कधी येतोय त्यावर, त्यामुळे वर्ष-दोन वर्षं सहज जातात, कधी त्याहून जास्त. मरणाच्या सालापासून पुढची पाचेक वर्षं तरी बघावीत. मथळा नीट वाचा, साधारण ‘विल ऑफ अमुक, कॅप्टन इन द सर्व्हिस ऑफ द ऑनरेबल ईस्ट इंडिया कंपनी ऑफ बॉम्बे, ईस्ट इंडीज’ अशा थाटात असतं. दुसरा अमुक डोर्सेटचा शेतकरी निघाला तर सोडून द्या. आणि स्पेलिंगवर विसंबू नका, कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय, शेवटचा ‘ई’ काढून, एकाचे दोन ‘एल’ करून, सगळं करून बघा.

हेमांगी_क
नानांना अनुमोदन, पण मी असते तर क्यूच्या आधी भारताकडच्या बाजूने गेले असते. ज्याची सगळी पुंजी इथेच, त्याचं विल लंडनच्या चर्च कोर्टात जायचं कारणच नाही, ते मुंबईत मंजूर व्हायचं. १७९८ पासून मुंबईत रेकॉर्डर्स कोर्ट होतं. तिथल्या विलांच्या नकला कंपनीच्या लंडन ऑफिसला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, एल/एजी/३४/२९ या खाली. फिबिस म्हणून ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांवर काम करणारी एक संस्था आहे, तिच्या साइटवर नावं फुकट शोधता येतात, बंगाल, मद्रास, मुंबई वेगवेगळं बघायचं.

आणि विलावर थांबू नका! त्याच्याच शेजारी एल/एजी/३४/२७ मध्ये इन्व्हेंटरी, म्हणजे मागे राहिलेल्या सामानाच्या याद्या असतात. साहेब मेला की सामानाचा जाहीर लिलाव व्हायचा, मग घोडा कोणी घेतला, तंबू कोणी, दारूच्या बाटल्या केवढ्याला गेल्या, सगळं घेणाऱ्याच्या नावासकट. लेखाला मसाला हवा असेल तर तो इथे आहे, विलात अर्धं पान देवाधर्माचंच असतं.

भटकी_मेधा
हेमांगी, हे भारीच! पण त्या बाईचं काय? तिच्या नावाने शोधता येईल का?

हेमांगी_क
इंडेक्समधून नाही गं. इंडेक्स मेलेल्याच्या नावाचा, ज्यांना दिलं त्यांचा नव्हे. पूर्ण विल वाचायलाच हवं. कंपनीच्या माणसांच्या विलात अशा बायका येतात, कधी नावाने, कधी नुसतं ‘माझ्याकडे राहणारी’ किंवा ‘हाउसकीपर’, आणि मुलं ‘नॅचरल’, म्हणजे लग्नाबाहेरची म्हणून. मराठी नावाची पार वाट लावलेली असते, मोठ्याने वाचून बघ, मग कळतं. नाव नसलं तरी बाई नव्हतीच असं लिहू नकोस, पैसे आधीच तिच्या हातात ठेवून गेला असेल.

खवचट_खान
खवचटपणा बाजूला ठेवून एक. कंपनीच्या फौजेत स्कॉटिश लोक ढिगाने होते. तुमचा कॅप्टन तिकडचा निघाला तर स्कॉटलंड्सपीपल या तिथल्या जुन्या नोंदींच्या साइटवर पण बघा, त्यांची कोर्टं इंग्लंडपेक्षा वेगळी. नाव शोधायला पैसे पडत नाहीत, पान उघडायला पडतात.

डर्बीची_सून
मेधाताई, धागा थोडा पळवते. आमच्या घराचा जुना मालक १९०५ मध्ये वारला, त्याला पण हीच भानगड का?

लीड्सकर_नाना
नाही हो, तुम्हाला तो कॅलेंडरच. सरकारच्या प्रोबेट सर्च साइटवर १९०५ टाका, नाही मिळालं तर १९०६, १९०७. पत्ता, मरणाची तारीख, एक्झिक्युटर, इस्टेट किती, एवढं त्या चार ओळींतच येतं. विलाची प्रत हवी तर फी भरून मागवायची. ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ लिहिलेलं दिसलं तर बहुतेक विलच नव्हतं, वाट बघत बसू नका.

मेधाताई, मेंबरशिपचं राहिलं. आत्ता बंद करा. मुंबईच्या विलांचे स्कॅन फाइंडमायपास्ट या पैसेवाल्या साइटवर आहेत, फिबिसवर नाव सापडलं की महिनाभरापुरती तिथली घ्या.

भटकी_मेधा
१८१३ वाल्याच्या मथळ्यात बॉम्बे आहे! उतरवलं, सलग तीन पानं, एक स्वल्पविराम नाही. बसते वाचत.