मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ या संख्येबद्दल

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. याच साच्यातल्या (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मूळ आहेत, म्हणून गणितज्ञ फर्माला ही पण मूळच वाटली होती. ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ × ६७००४१७ असे तिचे अवयव दाखवले.

माझी अडचण अशी. तिचा कोणताही मूळ विभाजक ६४क + १ या रूपाचा असतो, इथपर्यंत मला समजतं: त्या विभाजकाने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते, म्हणून ६४ व्या घाताची बाकी पहिल्यांदा १ येते, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (मूळ संख्या प ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या प−१ व्या घाताची बाकी १ येते) ६४ ने विभाजक वजा १ ला भाग जातो. पण ६४ च्या जागी थेट १२८ घेता येतात असं वाचलं. ते कसं? हा फरक फार मोलाचा आहे, कारण मग २५७ नंतर तपासायची दुसरीच मूळ संख्या ६४१ निघते! १९३, ४४९, ५७७ आपोआप गळतात. विभाजक ८ ने भागल्यावर बाकी १ उरते, याचा इथे काही संबंध आहे का?

आणखी एक. ही संख्या ६५५३६² + १² आहे, तशीच ६२२६४² + २०४४९² सुद्धा आहे (हातानं पडताळलं, बरोबर येतं, फार सुंदर आहे हे). अवयव आधी माहीत नसताना ही दुसरी जोडी शोधायची काही पद्धत आहे का?

पायऱ्या सविस्तर लिहिल्यात तर बरं होईल. वर्गशेषांची (वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांची) मला जेमतेम तोंडओळख आहे.